व्याह्यांची वाट पाहता श्रीमंतांची साखर उतरली, ते वर्तमान

॥ श्रीअन्नपूर्णा प्रसन्न ॥ जिच्या कृपेने ताटात अन्न पडते, आणि जिची मर्जी फिरली असता ताट समोर असोन घास घेता येत नाही, त्या मातेस दंडवत घालोन हे वर्तमान लिहितो. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सरे, वैशाखमासी, एके राज्यी श्रीमंत हैबतराव महाराज राज्य करीत होते. राज्य कोणते हे पुसू नये, ज्याचे त्यास उमगेल. श्रीमंत शूर, बोलके, खाण्याचे शौकीन, आणि मधुमेह नामे गनीम बहुत वर्षे अंगात ठाणे देऊन बैसलेला. म्हणोन श्रीमंतांनी शिक्का उठवोन हुकूम फर्माविला की, देवडीच्या आत साखरेचा कण अथवा गुळाचा खडा येऊ नये, जो आणील त्याचे वतन जप्त. मग मुदपाकखान्यातून डबे निघाले, देव्हाऱ्यातला नैवेद्यही अगोड जाहला, आणि आता गनीम मोडलाच म्हणोन भाटांनी कवने रचिली. गनीम कवनांनी मोडता तर मग काय हवे होते!

त्याच महिन्यात राजवैद्य रघोत्तमशास्त्री यांनी श्रीमंतांचे रक्त तपासोन भर दरबारी निवेदन केले की, "आजवर साखर उतरविणारा ग्लिमेपिराइड एकटाच लढत होता, तो कमी पडतो. आता मेटफॉर्मिन त्याचे जोडीस दिला आहे, आणि दोघांस एकाच गोळीत बैसविले आहे." इतके ऐकताच दरबार "वाहवा, वाहवा" करीत उठला आणि चौघडा सुरू जाहला. शास्त्रीबुवा पुढे सांगतच होते की, गोळी घासाबरोबर घ्यावी, जेवण टळले तर गोळी घेऊ नये, वैद्यास पुसावे, आणि जुनी गोळी आजपासोन बंद, कारण ती नवीत आहेच. परंतु या राज्याची चाल ऐसी की, बोलणाराचे वाक्य संपण्याआधी वाहवा करावी, म्हणजे निष्ठा दिसते. शास्त्रीबुवांचे ओठ हलताना सर्वांनी पाहिले, ऐकिले कोणी नाही. शास्त्रीबुवांनीही पुनः सांगण्याचा हट्ट धरिला नाही. शालजोडी मिळाली ती खांद्यावर घातली आणि गेले. औषधखान्याचे दरोगे माणकोजी हुजरे, माणूस इमानी, त्यांनी मनाशी विचार केला की जुन्या गोळीने बारा वर्षे चाकरी केली, तीस एकाएकी घरी कैसे बसवावे? म्हणोन नवी गोळी आणि जुनी, दोन्ही तबकात ठेवू लागले. जेवण वेळेवर होत असे, तोवर मधोनमधोन अंगास कापरे भरे इतकेच, आणि ते उन्हावर ढकलिले जाई.

मग एके दिवशी श्रीमंतांची कन्या रमाऊ यांचे सासरे, शेजारील राज्याचे राजे जोत्याजीराव, म्हणजे श्रीमंतांचे व्याही, भोजनास येणार ऐसे ठरले. माध्यान्ह जाहली, माणकोजींनी तबक पुढे केले, श्रीमंतांनी दोन्ही गोळ्या घेतल्या, पाने मांडली, आंबेमोहोर भाताचा वास सुटला, आणि व्याह्यांचा मेणा काही दिसेना. मुलीच्या बापाने व्याह्यांआधी घास घेतला तर लेकीस जन्मभर टोमणे, हे सर्वांस ठाऊक, म्हणोन श्रीमंत थांबले. जासूद गेला, परत आला, म्हणाला भोई नदीच्या उताराशी अडले आहेत. दुसरा जासूद गेला तो आलाच नाही. श्रीमंत उठले, बैसले, पुनः उठले, सज्ज्यात गेले, सज्ज्यातून आले, आणि अंगरखा घामाने चिंब जाहला आणि हात कापू लागले. मग एकाएकी गर्जोन म्हणाले, "मोर ओरडतात, त्यांस कैद करा!" शिपाई मोरांमागे धावले. मग म्हणाले, "ऊन फार जाहले, तोफा सूर्यावर लावा!" आणि गोलंदाजांनी खरोखर तोफांची तोंडे वर केली. मर्जी खप्पा जाहली म्हणोन मानकरी माना घालोन भिंतीस लागले. राजा संतापला असता जवळ जाऊ नये, हा शिरस्ता. लिहिता लिहिता माझाच जीव खालीवर होतो. अरे, कोणी तरी पुढे व्हा!

तेव्हा राणी सगुणाबाईसाहेब चिकाच्या पडद्याआडून बाहेर आल्या आणि त्यांनी श्रीमंतांचा हात धरिला. हात गार आणि ओला. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, इकडे पाहावे. आम्ही कोण?" श्रीमंतांनी बहुत वेळ पाहिले आणि म्हणाले, "आपण... फडणीस?" बाईसाहेबांनी लागलीच पंगतीत बैसलेल्या शास्त्रीबुवांस हाक मारिली. शास्त्रीबुवा धावले, बोट टोचोन पाहिले आणि म्हणाले, "बाईसाहेब, हा राग नव्हे. साखर पार उतरली आहे. शुद्ध आहे, गिळता येते, तोवर साखरपाणी पाजा. शुद्ध गेली तर तोंडात थेंब घालता येणार नाही."

"साखर आणा," बाईसाहेब म्हणाल्या. कोणी हलेना. आचारी म्हणाला, "सरकार, कणभर नाही. हुकूमच तैसा." इतक्यात कोणी बोलिले की व्याह्यांकडील बत्ताशांच्या करंड्या पुढे आल्या आहेत, देवडीवर अडविल्या. ते ऐकोन बाईसाहेब अनवाणी धावल्या. देवडीचा जमादार आडवा होऊन म्हणाला, "माफी असावी, शिक्का आहे."

"ज्याचा शिक्का तो मरतोय, रे! हो बाजूला!"

मग त्यांनी आपल्या हाताने करंडी फोडिली, ओटीत बत्तासे घेतले, धावत येऊन पाण्यात कालविले आणि श्रीमंतांस घोट घोट पाजिले. काही वेळाने पुनः बोट टोचिले, साखर अजून कमी, पुनः पाजिले. मग हळूहळू घाम थांबला आणि श्रीमंत म्हणाले, "सगुणा, तोफांची तोंडे वर का?" तेव्हा बाईसाहेबांस रडू कोसळले, ते त्यांनी लपविले नाही.

शास्त्रीबुवांनी औषधाच्या तबकात दोन्ही गोळ्यांची वेष्टने पाहोन कपाळास हात लाविला. "माणकोजी, एकच औषध दोनदा पोटात घातलेत, आणि वर उपास!" माणकोजी ढसढसा रडले, तेव्हा शास्त्रीबुवा खालच्या आवाजात म्हणाले, "मीही चौघड्यापुढे हरलो. सांगितले ते ऐकिले का, हे पाहिलेच नाही." मग म्हणाले, "आता लागलीच भात वाढा. गोळ्यांचा जोर अजून उतरला नाही, साखर पुनः घसरेल, उद्यापर्यंत पहारा ठेवणे आहे." भात वाढिला. आणि श्रीमंत हात आखडोन म्हणाले, "व्याही आले नाहीत." मरणाच्या दारातून आलेला मनुष्य, आणि त्यास टोमण्यांची धास्ती! बाईसाहेब म्हणाल्या, "टोमणे आम्ही ऐकू. आपण जेवा."

श्रीमंतांनी पहिला घास तोंडात घातला आणि त्याच क्षणी जोत्याजीराव दारात उभे. पंगत थिजली. परंतु जोत्याजीरावांनी खांबास हात टेकिला, कपाळावरोन घाम निथळत होता, आणि ते म्हणाले, "राव, सरका थोडे. सकाळपासून पोटात काही नाही. भरल्या पोटी व्याह्यांकडे जाणे बरे दिसत नाही, म्हणून खाल्ले नाही. मधुमेहाची गोळी तेवढी मेण्यात वेळेवर घेतली."

बाईसाहेबांनी बत्ताशाच्या पाण्याचा गडू उचलला आणि व्याह्यांच्या तोंडास लाविला.

येणेप्रमाणे दोन राजे एके दुपारी एकमेकांचा मान राखता राखता जाणार होते, ते राहिले. औषध दोघांचेही उत्तम होते, वैद्यही उत्तम. मान राखणारे तर पंगतभर होते. "जेवा" म्हणणारी एक निघाली, म्हणोन हे लिहावयास राज्य उरले. इति.