चौकशीला नियम नाही

न्हावरे येथील प्रगतिशील शेतकरी, दूध उत्पादक, हरिनाम सप्ताह समितीचे अध्यक्ष आणि गळ्यात माळ असलेले गृहस्थ पोपटराव यांच्या राहत्या घरी घोडभीमा ब्रॉडबँडचा मॉडेम गुरुवारी सकाळी, राहुकाळ टाळून, बसवण्यात आला. प्लग देव्हाऱ्याशेजारी असल्यामुळे मॉडेमही देवांच्या पंगतीला बसला. घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं, ते पोपटरावांच्या पत्नी अनसाबाईंनी लावलं. वायर ओढायला आलेला सद्दाम "मावशी, आत पानी जाईल" म्हणेपर्यंत नारळही फुटला होता.

मॉडेम आणला होता करिश्मासाठी. ही पोपटरावांची एकुलती एक लेक. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती घरूनच करायची आणि मोबाईलच्या रेंजसाठी रोज पाण्याच्या टाकीवर चढून बसायची. लग्नाची मुलगी टाकीवर बसलेली बरी दिसत नाही, असं भावकीचं मत पडल्यावर पोपटरावांनी नेट घेतलं.

काही दिवस सुखात गेले. मग एका दुपारी नेट रखडायला लागलं, म्हणून पोपटरावांनी घोडभीमाच्या ऑफिसात फोन लावला. हे ऑफिस न्हावऱ्याच्या चौकातच होतं आणि ते चालवणारा अलीम त्यांच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला.

"मामा, लाईन चांगली हाय," अलीम म्हणाला. "तुमच्या घरात मोबाईलच लई जोडल्यात. शेजारच्या सायलीचा पन तुमच्यावरच चालतोय. आन् तुमचा स्वतःचा आत्ता तर्री डॉट कॉमवर हाय. ते जरा बंद करा, लगेच पळंल."

पोपटराव पलंगावर ताडकन उठून बसले. तर्री डॉट कॉम या संकेतस्थळावर मटण शिजताना दाखवतात. पोपटरावांनी माळ घातल्यापासून मटणाला हात लावला नव्हता. बघू नये, असं मात्र माळ घालताना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून दुपारी जेवण झालं, की भिंतीकडं तोंड करून ते आवाज बंद ठेवून बघत. तव्यावर सुक्कं परतलं जाई आणि पोपटराव आवंढा गिळत. या गोष्टीचा अनसाबाईंनाही पत्ता नाही, अशी त्यांची खात्री होती.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"मॉडेम कंपनीचा हाय ना मामा. घर तुमचं. डबा कंपनीचा. कोन जोडलंय, कवा जोडलंय, कुठं गेलंय, समदं दिसतंय हितं. पन तुम्ही काळजी करू नका. आम्ही बघत न्हाई."

"मग आत्ता काय केलंस?"

"ते तुम्ही तक्रार केली म्हनून बघितलं. तक्रार केली न्हाई तर नुसतं दिसतं."

पोपटरावांनी फोन ठेवला आणि मॉडेमवर पितळी पातेलं पालथं घातलं. नेट बंद पडलं. करिश्मा आतून ओरडत आली आणि तिनं पातेलं काढलं. शेवटी तडजोड म्हणून मॉडेमवर उपरणं टाकण्यात आलं. उपरण्यातून हिरवा दिवा लुकलुकतच राहिला, आणि तो लुकलुकला की पोपटरावांना वाटे, याची पापणी लवली.

अनसाबाईंना एवढंच कळलं, की ह्या डब्याला घरातलं दिसतं. त्यांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीनं लावला. थोरल्या दिरापुढून जाताना जसा डोक्यावरून पदर घ्यायचा, तसा त्या मॉडेमपुढून जाताना घेऊ लागल्या. त्याच्या देखत जावेची निंदा बंद झाली. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते परसात जाऊन सांगायचं ठरलं. नवराबायकोचं भांडण गोठ्यात हलवण्यात आलं, पण सद्दामनं एकदा बोलता बोलता सांगितलं, की रेंज गोठ्यापर्यंत जाते. तेव्हापासून भांडण उसात होऊ लागलं.

हा प्रश्न एका घराचा नाही, गावाचा आहे, असं पोपटरावांच्या ध्यानात आलं. स्वतःच्या दुखण्याला माणूस एकदा सार्वजनिक प्रश्न म्हणाला, की त्याला हळूहळू बरं वाटायला लागतं. ग्रामसभेत त्यांनी टेबलावर मूठ आपटून भाषण केलं. "माझ्या घरात मी काय बघतो, काय खातो, ते कंपनीला कळायचं काय कारण? घरातली एक गोष्ट जरी भाईर गेली, तरी गुन्हा दाखल करू!" टाळ्या पडल्या. 'खातो' या शब्दावर ते जरा अडखळले, पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. खासगीपणा संरक्षण समिती स्थापन झाली आणि अध्यक्षपद अर्थातच पोपटरावांकडं आलं.

समितीच्या पहिल्याच बैठकीत मूलभूत अडचण उभी राहिली. कुणाचं काय खासगी आहे हे ठाऊक नसताना त्याचं संरक्षण करायचं कसं? तेव्हा प्रत्येक कुटुंबप्रमुखानं समितीपुढं हजर राहून आपली खासगी बाब तोंडी सांगावी, असा ठराव एकमतानं झाला. पहिल्या दिवशी लोक लाजले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांचं ऐकायला म्हणून आले, आणि ऐकून झाल्यावर भीड चेपून स्वतःचंही सांगून गेले. तमाशालाही इतकी गर्दी होत नाही. अध्यक्षांना मात्र काही सांगावं लागलं नाही. अध्यक्षांचं खासगी हे पदसिद्ध खासगी असतं, असा खुलासा त्यांनीच केला.

याच सुमारास करिश्माला वरवंडचं स्थळ सांगून आलं. मारुतरावांचं हमरस्त्यावर खतांचं दुकान होतं आणि मुलगा स्वराज कुरकुंभच्या एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होता. पाहणी झाली. मुलामुलीला बोलायला म्हणून माळवदावर पाठवलं, तर दोघं खाली यायचं नाव घेईनात. पाहुणे गेल्यावर करिश्मा आईला म्हणाली, "आई, मी काय काम करते ते त्यानं विचारलं, आन् मी सांगताना त्यानं मोबाईल खिशात ठेवला. मला पसंत आहे." ही पोरगी सहजासहजी कशाला पसंत म्हणत नसे. अनसाबाईंनी आनंदानं डोळ्याला पदर लावला. वरवंडहूनही आठवड्याभरात होकार आला.

आता राहिली फक्त चौकशी. चौकशी ही आपल्याकडची फार जुनी आणि भरवशाची यंत्रणा आहे. मुलाकडच्या गावात जायचं आणि सलूनवाल्याला विचारायचं, किराणावाल्याला विचारायचं. दुधाच्या डेअरीवर तर आवर्जून विचारायचं, कारण कुणाच्या दुधात पाणी असतं ते तिथं कळतं, आणि जो दुधात पाणी घालतो तो बोलण्यातही घालतो, हा अनुभव आहे. पोपटराव वरवंडला जाऊन आले. सलून, किराणा, डेअरी, तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं: पोरगं सोन्यासारखं आहे.

पोपटरावांची झोप उडाली. आख्खं गाव एखाद्याबद्दल एकमुखानं चांगलं बोलतं म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. माणसं खोटं बोलतात, शेजारधर्म पाळतात, लग्न मोडल्याचं पाप नको म्हणून झाकतात. खोटं बोलायची सोय नाही असा साक्षीदार पाहिजे होता. आणि त्यांना उपरण्याखालचा हिरवा दिवा आठवला.

करिश्माकडूनच घरच्या तुपाची बरणी भरून घेऊन ते अलीमच्या ऑफिसात गेले.

"अलीम, वरवंडला पन तुझंच नेट हाय ना रं?"

"शिरूर आन् दौंड, दोन्ही तालुक्यांत आपलंच हाय, मामा."

"मग मारुतरावांच्या घरात ते पोरगं काय बघतंय, तेवढं बघून सांग की."

अलीमनं बरणी हळूच परत सरकवली. "मामा, ग्रामसभेत तुम्हीच बोललात. घरातली गोष्ट भाईर गेली तर गुन्हा दाखल करनार म्हनलात."

"ते माझ्या घरातली! मी लोकांच्या घरातली विचारतोय."

"गिऱ्हाइकाची माहिती द्यायला परवानगी न्हाई मामा. कंपनीचा नियम हाय."

"माहिती मागतंय कोन?" पोपटराव दुखावले. "पोरीचं लगीन हाय. एकुलती एक हाय. उद्या काय निघालं, तर कुनाकडं बघायचं मी? चौकशी हाय ही!"

अलीमच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "मग आधीच तसं म्हनायचं ना. चौकशीला नियम न्हाई," असं म्हणून त्यानं बरणी टेबलाखाली ठेवली आणि संगणकाचा पडदा पोपटरावांकडं वळवला.

पोपटरावांनी पडद्यावरची ओळ वाचली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत वाचली.

"रोज?"

"रोज. कामावरनं आला की."

"दार लावून?"

"दाराचं मॉडेमला कळत न्हाई, मामा," अलीम म्हणाला. "अजून."

पोपटराव घरी आले ते तडक उसात गेले. अनसाबाईंना हाक मारून बोलावून घेतलं आणि कानात सांगितलं. अनसाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आन् दिसायला किती गरीब!" तिन्हीसांजेला पोपटरावांनी जाहीर केलं, की हे स्थळ नको.

"का?" करिश्मानं विचारलं.

"नको म्हनलं ना. सांगन्यासारखं न्हाई."

"लग्न माझं, आन् कारण मलाच सांगायचं नाही?" तिचे डोळे भरून आले होते, पण ती जागची हलली नाही. "शेतात जाऊन आईच्या कानात सांगता, गावच्या समितीत लोकांचं ऐकता. मला सांगायला काय होतं आप्पा?"

"अलीमकडं जाऊन आलोय मी. ते पोरगं रोज काय बघतंय, तुला ठाव न्हाई."

"ठाऊक आहे."

पोपटरावांनी अनसाबाईंकडं बघितलं.

"मी विचारलं त्याला. फोनवर. रोज काय बघतोस म्हणलं, त्यानं सांगितलं. मग मी काय बघते ते मी सांगितलं. दोघं पोट धरून हसलो." तिनं डोळे पुसले. "विचारलं की सांगतात, आप्पा. त्याला तुपाची बरणी लागत नाही."

"अगं पन..."

"आन् तर्री डॉट कॉमचंही सांगितलं त्यानं."

पोपटरावांचा हात आपोआप माळेकडं गेला. अनसाबाईंना काही कळेना. त्या आळीपाळीनं दोघांकडं बघू लागल्या.

"मारुतराव तुमच्या आधीच जाऊन आले होते अलीमकडं," करिश्मा म्हणाली. "चौकशीला. त्यांना सगळं ठाऊक आहे. ते घरात म्हणाले, माणूस रोज बघतो आन् तरी खात नाही, म्हंजी शब्दाचा पक्का हाय, अशा घरातली पोरगी करावी. आणि मग होकार कळवला. तुम्ही मात्र त्यांचं पोरगं काय बघतं ते बघून लग्न मोडायला निघालात."

पोपटराव खाली बसले. आपण उघडे पडलो याची लाज वाटावी, की उघडे पडूनही आपल्याला कुणी चांगलं म्हणालं याची, हेच त्यांना उमगेना. आयुष्यात पहिल्यांदाच ते लेकीपुढं मान खाली घालून बसले होते. तसेच म्हणाले, "त्यांना फोन लाव. सुपारी कवा फोडायची ते इचार." मग बायकोकडं वळून, सगळा धीर एकवटून, त्यांनी तर्रीचं सांगितलं.

"एवढंच व्हय?" अनसाबाई म्हणाल्या. "दुपारचं भिताडाकडं तोंड करून आवंढं गिळताय, ते मला काय दिसत न्हाई? त्याला मॉडेम कशाला लागतोय?"

साखरपुडा थाटात झाला. जेवणाच्या पंगतीत मारुतरावांनी व्याह्यांच्या कानाशी लागून विचारलं, "इवाई, सुक्क्याला खोबरं भाजून घालायचं, का कच्चंच?" पोपटराव क्षणभर थिजले आणि मग ठसका लागेस्तोवर हसले. "भाजून," ते म्हणाले.

समितीची पुढची बैठक झाली तीत अध्यक्षांनी स्वानुभवावरून ठराव मांडला: गावातल्या प्रत्येकाचं खासगी जीवन संपूर्णपणे सुरक्षित राहील, अपवाद फक्त चौकशीचा. चौकशी कोणकोणत्या कारणांसाठी करता येईल, त्यावर बरीच चर्चा होऊन लग्नकार्य, शेजारधर्म, भावकी आणि 'सहज' अशी कारणं मंजूर झाली. अलीमच्या ऑफिसात आता बसायला बाकडं टाकलंय. करिश्मानं मॉडेमवरचं उपरणं काढून धुवायला टाकलं. अनसाबाई मात्र त्याच्यापुढून जाताना अजून पदर घेतात. म्हणतात, मोडली सवय तर परत लागायची नाही.

आता एवढंच राहिलं, की स्वराज रोज काय बघायचा. ते आम्हाला ठाऊक आहे आणि आम्ही सांगणार नाही. ती त्या पोराची खासगी बाब आहे. अलीमनं पडदा वळवला तेव्हा पोपटरावांच्या खांद्यावरून तुम्हीही वाकलात, अनसाबाईंच्या कानाशी तुम्हीही कान नेलात, आणि मनातल्या मनात त्या पोराबद्दल जो अंदाज बांधलात तो काही फारसा चांगला नव्हता. तो अंदाज तुमच्या मनात आयता कुठून आला, हे काही आम्ही विचारत नाही.

मनाला लावून घेऊ नका. बघत होतो म्हणू नका. चौकशी म्हणा.