नानांची हिंगाची डबी

भगवाननानांना कुणीही भेटलं की ते आधी त्याच्या पोटाची चौकशी करायचे. रामराम नाही, या-बसा नाही. दूध घालणारा भरवाड असो नाहीतर कुणाचा नवा जावई असो, नाना पुढे होऊन त्याच्या पोटावर दोन बोटं वाजवायचे, बाजारात टरबूज वाजवून बघतात तशी, आणि मोठ्यानं विचारायचे, "पोट कसं शे?"

पोट बरं आहे म्हटलं तरी सुटका नव्हती. खिशातून पत्र्याची गोल डबी निघायची. "बरं शे तं बरंच राहू दे. चिमूटभर ली ले."

डबीत हिंग असायचा. नाना सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, जॉबर होते, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. एका खिशात पक्कड, दुसऱ्यात हिंग. ते आमच्या खोल्यांच्या लाईनीत शिरायच्या आधी वास शिरायचा. सर्दीला हिंग, दाढदुखीला हिंग, सासू-सुनेचं भांडण झालं तर दोघींना हिंग, कारण राग पोटातून येतो असं त्यांचं म्हणणं. प्लेगच्या वेळी आमची सगळी लाईन कुलपं लावून खान्देशात पळाली. नाना एकटेच मागे राहिले. परत आलो तर सगळ्यांच्या दारांवर हिंगाच्या पाण्याचे शिंतोडे. विचारलं तर म्हणाले, रोगाला वास सहन होत नाही. तुम्ही गावाला का गेला नाहीत, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. सहा वर्षं शेजारी राहिलो, पण ते दिसले की माझा पदर पुढे यायचा आणि आवाज मागे जायचा. तसाही माझा आवाज त्यांच्या उपयोगाचा नव्हता. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात राहून त्यांना कमी ऐकू यायचं. आमचं बोलणं माझ्या वैशूमार्फत चालायचं. ते दारातून ओरडायचे, "वैशू, तुनी मायले सांग, आज कढीत हिंग कमी पडला." मी वैशूच्या कानात काहीतरी सांगायचे आणि ती चार वर्षांची पोर ते त्यांच्या कानात ओरडायची.

वैशूला तेव्हा बरं नसायचं. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं नगाऱ्यासारखं. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं, दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब. मी जंताचं औषध दिलं, मीठ-मिरची ओवाळून टाकली. लोक म्हणायचे, पोरीला पोळी चारा, गव्हात ताकद असते. गावाकडे आम्ही पोळी सणालाच खाल्लेली. सुरतेला आल्यावर रोज पोळी मिळते याचा वैशूच्या वडिलांना कोण अभिमान. ते स्वतःच्या हातानं दुधात पोळी कुस्करून तिला भरवायचे. मी तूप घालायचे. पोर आणखी वाळायची.

शेवटी सुरतेच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तिच्या घशातून नळी घालून तपासणी केली आणि सांगितलं, हिला गहू चालत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, पाव, सगळं बंद. वैशूच्या वडिलांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, कायमचं. हे मला म्हणाले, डॉक्टरला नीट कळलं नसेल, बाजरी म्हणायचं असेल. मलाही तसंच वाटलं. गहू कुणाला बाधतो? आजारी माणसाला तर आपण रव्याची पेज देतो.

डॉक्टरांनी काय खायचं नाही ते लिहून दिलं होतं, पण गुजरातीत. मी चौथी शिकलेली, तीही मराठीत. ह्यांना सहीपुरतं येतं. नाना खात्यातल्या पाट्या वाचून वाचून गुजराती शिकले होते. त्यांनी ओट्यावर बसून तो कागद मोठ्यानं वाचला. इतका मोठ्यानं, की अर्ध्या लाईनीला वैशूचं पथ्य त्याच दिवशी पाठ झालं. वाचून झाल्यावर कागद घडी करून त्यांनी हिंगाच्या डबीशेजारी खिशात ठेवला. मला परत दिलाच नाही.

त्या दिवसापासून नाना गव्हाच्या मागे लागले. सत्यनारायणाच्या पूजेला ते भटजींच्या आधी हजर. शिरा वरईचा करा म्हणाले. भटजी म्हणाले, पोथीत रवा सांगितलाय. नाना म्हणाले, "देव समजून घेतो. पोट नाही घेत." शेवटी रव्याचा वेगळा आणि वरईचा वेगळा असे दोन शिरे झाले, आणि वैशूचा द्रोण नानांनी कथा संपेपर्यंत डोक्याच्या वर धरून ठेवला.

ज्वारी दळायला तेच जायचे. गिरणीला इकडे घंटी म्हणतात. घंटीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचाच. नाना आधी आमची दोन ओंजळी ज्वारी त्यातून काढायचे, ते पीठ गायीला टाकायचे, मग उरलेली दळायला लावायचे. घंटीवाला वैतागला. "नाना, घंटी मारी छे के तमारी?" नाना म्हणाले, "घंटी तुमची. पोरगी आमची."

एकदा खाडा करून ते बसनं डॉक्टरांकडे गेले, कारण त्यांना झोप लागत नव्हती. कोंबडी दिवसभर गहू टिपते, मग तिचं अंडं वैशूला चालेल का? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, म्हणे, आणि चालेल म्हणाले. मग नानांनी म्हशीचं विचारलं, ती गव्हाचा भुसा खाते. डॉक्टर म्हणाले, दूधही चालेल. नानांना ते पटलं नाही. पण परत येऊन त्यांनी आम्हाला सांगितलं, डॉक्टर माणूस चांगला आहे, पोट मात्र साफ नसावं.

आम्ही घरात गहू आणणंच सोडलं. तिघंही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायचो. वैशू महिनाभर सुधारली, गालांवर जरा मांस दिसलं. आणि मग पुन्हा तेच. रात्रंदिवस पोट धरून बसायची. डॉक्टर म्हणाले, कुठूनतरी गहू जातोय. हे माझ्याकडे बघायला लागले. मी स्वतःकडेच बघायला लागले. डबे धुतले, पोळपाट-लाटणं फेकलं, शेजारच्या पोरांच्या हातातली बिस्किटं मोजली. कुठे काही सापडेना. नाना दोन्ही वेळा येऊन दारातून माझा स्वयंपाक तपासायचे, खिशातला कागद काढून पुन्हा वाचायचे. आणि वैशू कण्हली की डबी उघडायचे. चमच्यात कोमट पाणी, त्यात हिंग. थोडा बेंबीवर. बरी होती तेव्हा बरीच राहावी म्हणून दिवसातून एकदा, मग दोनदा, मग तीनदा. दुखणं वाढलं तसा हिंग वाढला.

पावसाळा संपता संपता नानांची डबी संपली. आम्ही वैशूला घेऊन डॉक्टरांकडे निघालो होतो. नाना ओरडले, "वैशू, मायले सांग, येताना नवी डबी आण. सुरतेतल्या जुन्या दुकानातली, चांगली."

डॉक्टरांकडून निघाल्यावर दुकान सापडलं. हे बाहेर वैशूला घेऊन थांबले. आत एक माणूस फरशीवर बसून हिंग मळत होता. शेजारी पिठाचं पोतं, आणि त्यातून ओंजळी भरभरून तो पीठ घालत होता. मी बघत राहिले. परक्या माणसाला मी कधी काही विचारलं नव्हतं. विचारलं, हे पीठ कशाचं? तो हसला. "बेन, चोख्खी हिंग कोण खाई शके? घउंनो लोट तो नाखवो ज पडे."

मला वाटलं मला गुजराती कमी कळतं. पुन्हा विचारलं, गव्हाचं? त्यानं मूठभर पीठ माझ्यासमोर धरलं. मी तशीच डॉक्टरांकडे परत गेले आणि त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

बसमध्ये मी महिने मोजले. ज्या माणसानं घंटीतली गव्हाची भुकटीसुद्धा गायीला घातली, त्यानं सहा महिने चमच्यानं गहू पाजला. त्याच्यावर रागवावं तर कसं, आणि न रागवावं तरी कसं? हे म्हणाले, मी सांगतो सावकाश. पण त्यांची पाळी होती, ते स्टँडवरून तसेच खात्यात गेले. मी घरी पोचले आणि वैशूनं पोट धरलं. नाना दारात आले. हात पुढे करून उभे राहिले, नव्या डबीसाठी.

वैशूच्या तोंडून हे सांगवण्यासारखं नव्हतं. मी पदर धरून म्हणाले, "नाना, हिंगात गहू असतो."

त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. त्यांनी कान पुढे केला. मग मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असेन. "नाना, तुमच्या हिंगात गहू असतो. तोच तिला बाधतोय."

लाईनीतली सगळी दारं उघडली. नानांचा हात तसाच पुढे होता. त्यांनी एवढंच विचारलं, "पैल्यापासून?"

मी मान डोलावली. ते गेले.

त्यानंतर नाना आमच्या दाराकडे फिरकले नाहीत. कुणाच्याच नाही. खात्यातून खोलीवर, खोलीवरून खानावळीत. लाईनीत हिंगाचा वास येईना. इकडे मी फोडणीतला हिंगही सोडला आणि वैशूचे जुलाब थांबले. दिवाळीपर्यंत ती धावायला लागली, आणि धावताना नानांच्या बंद दारापाशी थांबायची. मला विचारायची, नाना रागावले का? मी तिला हाताला धरून घरी आणायचे.

एका दुपारी मी तिला घेऊन नानांच्या खानावळीत गेले. खानावळ चालवणारी मावशी आमच्याच भागातली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, बाई, या माणसाला काय झालंय ते तूच सांग. माझ्याकडे सगळे पोळ्या खातात. यानं सात-आठ महिने पोळीला हात लावला नाही, नुसता भात. म्हणायचा, आपल्या बोटांना गव्हाचं काही लागायला नको, पोरीला औषध द्यायचं असतं. आणि आता दिवाळीच्या आधीपासून रोज चार पोळ्या मागतो. मी विचारलं, नाना, पोरगी? तर म्हणाला, आता तिकडे जायचं काम उरलं नाही.

नाना कोपऱ्यात बसले होते. ताटात अर्धी पोळी. वैशूला बघून ते उठले, मोरीवर गेले, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि ओले हात पाठीमागे धरून तिच्यापासून लांब उभे राहिले. वैशू गेली आणि तिनं त्यांचा शर्ट धरला. ते एक पाऊल मागे सरले. तीही सरली.

मी म्हणाले, "नाना, घरी चला. भाकऱ्या करून ठेवल्यात."

हळूच म्हणाले होते. त्यांना ऐकू आलं.