माळ्यावरची एकेचाळीस चित्रं

फ्रेमवाल्यांच्या बायकोने स्टुलावर चढून माळ्याचं दार उघडलं आणि एक चित्र थेट तिच्या डोक्यावर आलं. ते निळं होतं आणि जड होतं. याहून जास्त त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.

"एक तर हे घरात राहील, नाहीतर मी," कपाळाला ओलं फडकं लावत ती म्हणाली.

फ्रेमवाल्यांनी चित्र उचलून भिंतीला टेकवलं. माणूस हाताचा कुशल, पण शब्दाचा कच्चा. गिऱ्हाईक आलं की "परवा न्या" म्हणायचे. वर्षभर खेटे घालून गिऱ्हाईक कंटाळून यायचं थांबलं, की मग यांची फ्रेम तयार व्हायची. अशी एकेचाळीस चित्रं माळ्यावर साठली होती.

त्याच आठवड्यात संग्रहालयाच्या बाई दुकानात आल्या. गावात आधुनिक कलेचं संग्रहालय बांधून तयार होतं. भिंती होत्या, दिवे होते, भिंतींवर मात्र नुसते खिळे. उद्घाटन रविवारी.

"तुमच्या ओळखीत कुणाकडे चित्रं आहेत का हो?"

फ्रेमवाल्यांनी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "किती हवीत?"

दुपारी टेंपो भरून रवाना झाला.

रविवारी फ्रेमवाले नवा सदरा घालून गेले आणि दारातच अडखळले. उद्घाटनाला सगळं गाव लोटणार आणि चित्रांचे मालक त्याच गावात राहतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

निळ्या चित्रासमोर वकीलसाहेब उभे होते. "अहो, हे आमच्या सासूबाईंचं. नऊ वर्षांपूर्वी दिलं होतं तुमच्याकडे."

"परवा देणारच होतो," फ्रेमवाले सवयीने बोलून गेले.

वकिलांनी चष्मा पुसून खालची पट्टी वाचली: 'चित्रकार अज्ञात. दुर्मिळ कलाकृती.' ते गेले आणि सासूबाईंना हाताला धरून घेऊन आले.

"अज्ञात काय म्हणून? नाव घाला माझं," म्हातारी म्हणाली. "पडद्याला कुठला निळा शोभेल ते बघत होते मी तेव्हा. आणि खबरदार कुणी इथून हलवलंत तर."

संग्रहालयाच्या बाईंनी पडद्याचं सगळं वहीत उतरवून घेतलं.

मग पोस्टमास्तरांना आपलं चित्र सापडलं, शिंप्याला त्याच्या मेव्हणीचं. परत न्यायला कुणीच तयार नव्हतं. उलट कुणाच्या चित्रावर जास्त उजेड पडतो, यावरून तंटे लागले. फ्रेमवाल्यांच्या जिवात जीव आला. एवढ्यात दाताच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"माझं फुलपाखराचं चित्र इथं कुठंय?"

"ते तर मी चार दिवसांत घरपोच दिलं होतं, डॉक्टर. माझी दाढ ठणकत होती ना तेव्हा."

"तेच विचारतोय," डॉक्टर दुखावल्या आवाजात म्हणाले. "सगळ्या गावाला झुलवलंत. मग माझंच तेवढं वेळेवर का दिलंत?"

फ्रेमवाल्यांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांच्या धंद्यात एखाद्या गिऱ्हाइकाची इतकी मनापासून माफी त्यांनी कधी मागितली नव्हती.