ॲम्ब्रोझची वेळ

जर्मेन थिबोदोने नवऱ्याच्या पायातला मोजा ओढून काढला आणि काही बोललीच नाही. प्रकरण गंभीर आहे हे क्लोव्हिसला तेव्हाच कळलं. लग्न झाल्यापासून ही बाई गप्प बसल्याचे प्रसंग फार थोडे होते, आणि त्यातला एकही चांगला नव्हता.

"अंगठा काळा पडलाय," ती शेवटी म्हणाली.

"बुटाचा रंग लागला असेल."

"तुझे बूट तपकिरी आहेत, क्लोव्हिस."

क्लोव्हिसला साखरेचा आजार होता. कागद गिरणी बंद पडली तेव्हा गिरणीचा विमा गेला आणि त्याच्या जागी सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आलं. कार्ड दिसायला छान होतं. फक्त अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या उत्तर टोकाला ते घेणारं कोणी सापडत नव्हतं. गावचे म्हातारे डॉक्टर फ्लोरिडाच्या उन्हात निघून गेले होते. नदीपलीकडे कॅनडा. तिथल्या दवाखान्याची पाटी यांच्या खिडकीतून वाचता यायची, पण यांना तिचा उपयोग चंद्राइतकाच.

"सरळ मोठ्या हॉस्पिटलात जाऊ," जर्मेन म्हणाली.

"मागच्या वेळी दिवसभर बसवलं आणि शेवटी म्हणाले, आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा. मला काय माहीत माझा नेहमीचा डॉक्टर कोण ते!"

मग जर्मेनने फोन हातात घेतला. विमा कार्यालयाने सांगितलेला पहिला डॉक्टर लहान मुलांचा निघाला. दुसऱ्या नंबरवर एक माणूस कोंबड्यांचं खाद्य विकत होता. तिसऱ्या दवाखान्यात नवे पेशंट घेत होते, पण हे कार्ड घेत नव्हते. चौथ्यात कार्ड घेत होते, पण नवे पेशंट घेत नव्हते.

"मग जुना पेशंट कसं व्हायचं?" जर्मेनने विचारलं.

"आधी नवा म्हणून यावं लागतं, मॅडम."

"आणि नवे तुम्ही घेत नाही."

"नाही ना!"

ती मुलगी इतकी गोड बोलली की जर्मेनने तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि मग भिंतीला शिवी दिली.

शेवटी मिरेल ओलेट सापडली. शेजारच्याच गावात तिचा छोटा दवाखाना होता. ती डॉक्टर नव्हती, फिजिशियन असिस्टंट होती. पण तपासायची, टाके घालायची, औषधं लिहून द्यायची. त्या खोऱ्यात डॉक्टर म्हणजे तीच. आणि ती कार्ड घेत होती, नवे पेशंटही घेत होती. तिचे फोन घेणारी टॅमी मात्र बसायची दूरच्या शहरात. सहा दवाखान्यांचे फोन तिच्या एकटीच्या डोक्यावर.

"मेमध्ये एक वेळ आहे," टॅमी म्हणाली.

बाहेर फेब्रुवारीचा बर्फ खिडकीपर्यंत चढला होता.

"मेमध्ये मी नवरा आणेन, पाय आणता येईल की नाही ते सांगता येत नाही."

"कोणी रद्द केलं तर लगेच कळवते हं!"

त्याच आठवड्यात ॲम्ब्रोझ सीर गेला. गॅरेजमध्ये बर्फ उडवायचं यंत्र चालू करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. क्लोव्हिस आणि तो शाळेत एका बाकावर आणि गिरणीत एका यंत्रावर होते. थेरेसने, म्हणजे ॲम्ब्रोझच्या बायकोने, शवपेटीला खांदा द्यायला क्लोव्हिसला सांगितलं. "हो," एवढंच तो म्हणाला, आणि अंधार पडेपर्यंत नदीकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"आनंदाची बातमी!" टॅमी म्हणाली. "शुक्रवारी सकाळची वेळ रिकामी झालीय!"

शुक्रवारी सकाळी तर ॲम्ब्रोझचा अंत्यविधी.

"कोणाची वेळ होती?"

"ते सांगायची परवानगी नाही आम्हाला. पण मिसेस सीर फोनवर इतक्या रडत होत्या ना... अरे देवा. हे मी बोललेच नाही हं."

क्लोव्हिसने साफ नकार दिला. "त्याला खांदा द्यायचा सोडून त्याच्याच जागेवर जाऊन बसू? मी नाही जाणार."

जर्मेनने थेरेसलाच फोन लावून दिला.

"जा तू," थेरेस म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "पानगळीचा आख्खा मोसम वाट बघितली माझ्या माणसाने त्या वेळेची. वाया घालवलीस तर तोंड नाही बघणार तुझं."

म्हणून शुक्रवारी, चर्चची घंटा वाजत असताना, क्लोव्हिस काळा कोट घालून उलट्या दिशेला निघाला. रस्ता निसरडा होता. जर्मेन गाडी चालवत होती. दवाखान्याचं दार बंद होतं. काचेवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं: अंत्यविधीसाठी आज बंद.

क्लोव्हिस हसायला लागला. हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले आणि ते हसू हळूहळू निराळंच काहीतरी झालं. बर्फ पडायचा थांबला होता, तरी जर्मेनने काच पुसायचा वायपर चालू केला आणि समोर बघत राहिली.

ते परतले तेव्हा प्रार्थना संपली होती. हिवाळ्यात तिथली जमीन फोडता येत नाही. पेटी दफनभूमीच्या दगडी खोलीत ठेवतात आणि पुरायला वसंतापर्यंत थांबतात. पेटी आत सरकवत होते. क्लोव्हिस लंगडत पुढे गेला आणि मागच्या कोपऱ्याला त्याने कसाबसा हात लावला.

"उशीर झाला रे," तो पुटपुटला.

चर्चच्या तळघरात जेवण होतं. कोंबडीचा रस्सा, बीन्स, गरम प्लॉयच्या, म्हणजे तिकडच्या जाड धिरड्यांच्या चवडी. जर्मेन दोन टेबलं ओलांडून एका उंच बाईपुढे उभी राहिली.

"मिरेल ओलेट तुम्हीच ना? आज सकाळची वेळ आमची होती."

मिरेलच्या हातातला प्लॉय तसाच राहिला. "आज तर मी सगळं बंद ठेवायला सांगितलं होतं."

"टॅमीला नाही सांगितलंत."

मिरेलने डोळे मिटले. मग ताटली खाली ठेवली. "स्वयंपाकघरात चला."

क्लोव्हिसला बटाट्याच्या खोक्यावर बसवून तिने मोजा काढला आणि तिचा चेहरा बदलला.

"दुखतंय का?"

"काय?"

"मी टाचणी टोचतेय, क्लोव्हिस."

तेवढ्यात दार किलकिलं झालं. मिरेल तपासतेय ही बातमी तळघरभर झाली होती. एकजण कान धरून उभा होता, एकजण खोकत होता, त्याच्यामागे फादर स्वतः गुडघा चोळत होते. ॲम्ब्रोझच्या अंत्यविधीत रांग लागली होती, पण ती ॲम्ब्रोझसाठी नव्हती.

"थांबा सगळे!" मिरेल ओरडली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आजच्या आज हॉस्पिटल. आत्ता. उद्यावर ढकललंत तर पाऊल जाईल. मी फोन करते, म्हणजे बसवून नाही ठेवणार."

रुग्णवाहिका दुसऱ्याच पेशंटला घेऊन शहरात गेली होती. टेकडीवर पुन्हा बर्फ सुरू झाला होता आणि थिबोदोंच्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते.

"माझी आहे ना मोकळी," शववाहिनीवाला लूसियन बीन्स खाता खाता म्हणाला. "टायर नवेकोरे आहेत."

"मी आडवा होणार नाही," क्लोव्हिस म्हणाला.

"पुढे बस की. मागचं गिऱ्हाईक तक्रार करत नाही. तू करशील."

तर क्लोव्हिस शववाहिनीतून हॉस्पिटलला गेला. जर्मेन मध्ये बसली, फुलांचा चुरा मांडीवर. वाटेत लाकडं नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने गाडी कडेला घेऊन टोपी काढली. क्लोव्हिसने सवयीने हात हलवला. ट्रकवाल्याने घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली. हॉस्पिटलच्या फाटकावर पहारेकऱ्याने तोंड वर न करताच सांगितलं, "मागच्या दाराने घ्या."

"पुढच्या," जर्मेन गरजली. "हा अजून बोलतोय."

अंगठा गेला, शेजारचं बोटही गेलं. पाऊल वाचलं. घरी सोडताना सर्जनने बजावलं, जखम दर आठवड्याला आपल्या नेहमीच्या माणसाला दाखवायची.

घरी आल्यावर टॅमीचा फोन आला. आवाज तसाच गोड.

"शुक्रवारी तुम्ही आलाच नाहीत! पहिली वेळ चुकली की नाव खाली जातं, माझ्या हातात काही नाही. आता ऑगस्ट चालेल?"

जर्मेनने तिला काय काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. टॅमी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग ऑगस्टच लिहिते हं."

गुरुवारी सकाळी जर्मेन वर्तमानपत्र वाचत होती. "हर्वे गान्यों गेला," ती म्हणाली.

"कोण तो?"

"वरच्या गावात ट्रॅक्टर विकायचा. शनिवारी आहे अंत्यविधी. मिरेल बघायची त्याला, म्हणजे ती येणारच."

क्लोव्हिसने स्टुलावर ठेवलेल्या, पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग काठी घेऊन तो उठला आणि कपाटातून काळा कोट काढून आणला.

"बीन्स करून नेऊ का?" जर्मेनने विचारलं.

"थोड्याच कर," तो म्हणाला. "आपली काही फारशी ओळख नाही."