वेणीच्या मापाची गोष्ट

आमचे शेजारी महादेवराव गोष्टीची लांबी पानांत मोजत नसत, मुलीच्या वेणीत मोजत. नवीन गोष्ट कुठवर आली असं कुणी विचारलं, की हात आडवा धरून कोपरापर्यंत बोट न्यायचे आणि म्हणायचे, "एवढी झाली. रिबीन बांधाची रायली फक्त."

साठ सालाच्या आसपास मी दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि त्यांच्या समोरच्या खोलीत राहायला आले. पहिल्याच सकाळी दार उघडलं, तर समोरच्या ओट्यावर हे मिशाळ गृहस्थ दातांत लाल रिबीन धरून बसलेले. पुढ्यात त्यांची इंदू, वय नऊ-दहा. रिबीन दातांत असल्यामुळे गोष्टीतला राजा, चोर आणि म्हातारी असे सगळेच बोबडं बोलत होते. मला हसू आवरेना. कोण हसलं ते बघायला इंदूनं मान वळवली, तसे महादेवराव रिबीन काढून ओरडले, "हालू नोको, गोष्ट सुटन!"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पुढची कितीतरी वर्षं घड्याळाच्या गजराऐवजी मी त्यावरच उठत आले.

इंदू दोन वर्षांची असताना तिची आई वारली. आळीतल्या बायकांनी महादेवरावांना भाकरी शिकवली, वरण शिकवलं. वेणी मात्र ते आपली आपणच शिकले, म्हणजे तशी अखेरपर्यंत शिकलेच नाहीत. पोर एका जागी बसेना म्हणून गोष्ट सांगायला लागले. तेव्हा तिचे केस जेमतेम मानेपर्यंत, त्यामुळे गोष्टही तेवढीच. "एक चिमनी व्हती. तिले भूक लागली. गेली उडून." रिबीन बांधली की गोष्ट संपलीच पाहिजे, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. केस वाढत गेले तशी गोष्टीत माणसं वाढली. केसांत गुंता लागला की गोष्टीत दरोडेखोर यायचा. पोरगी "आई गं" म्हणाली की नायक हमखास विहिरीत पडायचा.

सकाळी सांगितलेली गोष्ट ते दुपारी कागदावर उतरवून काढत. त्यातली एक त्यांनी भीत भीत नागपूरच्या एका मुलांच्या मासिकाकडे धाडली आणि ती छापून आली. मग काय विचारता! बाजाराच्या दिवशी तो अंक काखेत मारून ते मिरचीवाल्यापासून बांगडीवाल्यापर्यंत सगळ्यांना भेटून आले.

त्या काळात ते कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. पण जिनचा भोंगा वाजायचा तो नेमका वेणी अर्ध्यावर असताना. रोजचा उशीर बघून शेठजी एक दिवस वैतागले. म्हणाले, नोकरी तरी करा, नाहीतर वेण्या तरी घाला. "मी म्हनलं, शेठजी, कापूस काय, संध्याकायी बी तोलता येते. गोष्ट संध्याकायपर्यंत थांबत नाई." एवढं बोलून हे घरी आले. गावानं त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं असतं. हातातली नोकरी अशी सोडणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. पण मला हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की माझ्या तोंडून उपदेश निघेना. "बाई, काट्यावर मले फक्त कापूस दिसे," ते म्हणाले. "आता सकायी उठलो का मानसं दिसतात."

पोटासाठी ते मंगलाष्टकं लिहीत, मानपत्रं लिहीत, बदली झालेल्या साहेबांना निरोपाची भाषणं लिहून देत. पण मंगलाष्टकातही गोष्ट घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामाची बैलगाडी तिसऱ्या कडव्यात नदीच्या पुरात घातली आणि अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत बाहेरच काढली नाही. मंडळी मुठीत अक्षता धरून तशीच उभी. 'शुभमंगल सावधान' झालं तरी कुणी अक्षता टाकेना. मागून एक म्हातारी ओरडली, "अवो, पन बैल वाचले का नाई?" भटजींनी त्यानंतर महादेवरावांचं नाव टाकलं.

इंदू अकरा वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण केस मुळापासून कापावे लागले. महादेवराव दिवसरात्र पोरीजवळ बसून होते. तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नसे. ती बरी झाल्यावर मात्र दुसरीच पंचाईत आली. केसच नाहीत तर गोष्ट कशी सुचणार? त्यांनी अंबाडीची दोरी वळून पाहिली, शेजारच्या म्हशीच्या शेपटीला वेणी घालून पाहिली. काही जमेना. वर्षभर दोन-दोन ओळींच्या गोष्टी निघाल्या. तिकडे संपादकांनी कळवलं, 'आपली नवी, आटोपशीर शैली फार आवडली.'

केस पुन्हा कमरेपर्यंत यायला चार वर्षं लागली. त्या केसांवर महादेवरावांनी आयुष्यातली पहिली कादंबरी सुरू केली. नागपूरचं एक साप्ताहिक ती दर आठवड्याला छापू लागलं. जिनचे शेठजीसुद्धा वाचत. शेवट तेवढा बाकी होता.

त्या हिवाळ्यात शाळेचं गॅदरिंग होतं. पडद्यामागे जाऊन पाहते, तर इंदू नाटकातल्या मुलींना एकामागून एक वेण्या घालत होती. भराभर, घट्ट, एकसारख्या. शेवटी तिनं स्वतःचीही सोडून पुन्हा घातली.

"इंदू, तुला येते?"

ती दचकली. मग हळूच म्हणाली, "कवाचीच येते, बाई. पन बाबाले सांगू नका. त्यायची गोष्ट अर्धी हाय."

मी वचन दिलं. आठवडाही गेला नसेल, एका दुपारी महादेवराव माझ्या दारात उभे. मिशीला हात लावत, चुळबुळत.

"बाई, एक काम होतं. आमच्या पोट्टीले वेनी घालता येते."

मी हातातल्या वह्या उगाचच नीट रचू लागले.

"मले लय दिवसांपासून मालूम हाय जी. सकायी उठून केस चांगले इचरते अन् मंग वरून इस्कटून मायापुढं येऊन बसते. असा गुंता रातीतून होत नसते, बाई. पुढच्या साली मॅट्रिक हाय तिची. सकायचा अभ्यासाचा टाइम माया गोष्टीत जाऊन राह्यला. मायाच्यानं तिले 'नोको येऊ' म्हनवत नाई. तुमी वर्गात सांगा ना, मोठ्या पोरींनी आपली वेनी आपनच घालाची म्हनून."

"आणि कादंबरी? तिचा शेवट?"

ते हसायला गेले, पण जमलं नाही. "पाहू. नाई जमला तर नाई. कादंबरी काय, लोक लिहूनच राह्यले."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिस्तीचं ते वाक्य जमेल तितक्या करड्या आवाजात सांगितलं. इंदूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढल्या सकाळी मला गजराशिवायच जाग आली. दार किलकिलं करून पाहिलं. महादेवराव ओट्यावर बसले होते. समोरची पायरी रिकामी. फणी बाजूला ठेवलेली. कागद मांडीवर, पण टाक दौतीतच.

थोड्या वेळानं आतून इंदू आली. तिची वेणी घालून झाली होती, रिबीनही बांधलेली. ती रोजच्यासारखीच त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर बसली.

"अवं, वेनी तं झाली तुयी," महादेवराव म्हणाले. "आता कायले बसली?"

"गोष्ट ऐकाले."

"पन अभ्यास?"

"तो केला मी उठल्या-उठल्या. तुमी सांगा ना, मंग काय झालं?"

महादेवरावांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. एकदा मांडीवर ठेवले, एकदा फणीकडे नेले. शेवटी दोन्ही हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवले आणि घसा खाकरून सुरुवात केली. मीही तशीच दारामागे ऐकत उभी राहिले, आणि त्या दिवशी शाळेत उशिरा पोचले.