मधलं बुजगावणं

"गुरुजी, घात झाला. मधल्या बुजगावण्याच्या अंगात तुमचा कोट हाये," शेषराव हळूच उकंडराव गुरुजींच्या कानाशी लागला, आणि तेवढ्यात तपासणीला येणाऱ्या बुलढाण्याच्या साहेबांची जीप नाल्याच्या काठावर येऊन थांबली.

गुरुजींनी चष्मा पुसला. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. कोट सापडला नाही म्हणून ते नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत आले होते. आता तो सापडला.

देऊळगाव राजाच्या नेमबाजी मंडळाची स्पर्धा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या कोरड्या नाल्यात व्हायची. आधी वाळूच्या पोत्यांआडून, मग धावत जाऊन बैलगाडीच्या आडून, कडबा भरलेल्या तीन बुजगावण्यांवर पिस्तुलानं गोळ्या झाडायच्या. गेल्या खेपेला साहेब म्हणाले होते, "या तर पेंढ्या आहेत. शत्रू कुठे आहे?" म्हणून शेषरावनं घरोघर फिरून जुने कपडे गोळा केले. गुरुजी आंघोळीला गेलेले असताना सरस्वतीबाईंनी खुंटीवरचा काळा कोट काढून दिला. एकदाची ब्याद गेली, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण त्या कोटाशिवाय गुरुजींना गावानं अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. वर शेषरावनं डोक्याच्या मडक्याला गुरुजींसारखी पांढरी टोपी घातली होती, आणि कडबा कमी पडल्यामुळे डावा खांदा उतरला होता. गुरुजींचाही उतरलेलाच होता.

"मी काढून आनतो," गुरुजी म्हणाले.

"दोराच्या पुढे आता कोणीही जायचं नाही," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "प्रत्येक पुतळ्याच्या छातीत दोन गोळ्या लागल्या पाहिजेत. नाहीतर मंडळाची परवानगी रद्द."

गुरुजी दोराशीच थांबले. मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव यांनी आपल्या सरकीच्या गोदामातली एक खोली मंडळाला दिली होती. त्याच खोलीत गुरुजी वाचनालय चालवत. एक सागवानी कपाट, दोन बाकं, तीनशे चाळीस पुस्तकं. मंडळ बुडालं की खोलीत पुन्हा सरकी भरणार, हे हिंमतरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं. केवळ त्यासाठी गुरुजी मंडळाचे सचिव झाले होते. पिस्तुलाला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

पहिले हिंमतराव उठले. डाव्या बुजगावण्याला दोन, उजव्याला दोन, छातीच्या मधोमध. मग ते मधल्याकडे वळले, क्षणभर थांबले, आणि दोन्ही गोळ्या शेजारच्या दरडीत घातल्या.

"मधलं काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"वारा आला, साहेब."

बाभळीचं पानही हलत नव्हतं.

शेषराव पोत्यांआडून उठला. डावं-उजवं त्यानंही साधलं. मधल्यासमोर येताच तोंडातल्या तोंडात "राम राम, गुरुजी" म्हणाला आणि आभाळात गोळी झाडली. तिसरा नंबर अर्जुनरावचा. त्यानं तर पिस्तूलच परत केलं. "ज्यायनं बाराखडी शिकवली त्यायच्यावर गोळी? नरकात जाऊ काय?"

गुरुजी काकुळतीला आले. "शेषराव, मार बाप्पा मले. छातीत मार."

"असं अभद्र बोलू नका गुरुजी. सनवार जवळ आला."

"अरे, मेल्याशिवाय माही पुस्तकं वाचत नाईत!"

एवढ्यात दरडीवरून सरस्वतीबाई धावत आल्या. बातमी बाजारपेठेतून घरी जाईपर्यंत वाढली होती. "माह्या कुंकवावर गोळ्या झाडता? मुडद्यांनो!"

"वैनी, कोट हाये तो नुसता," हिंमतराव म्हणाले.

"माह्या घरचा कोट तुमाले कोनं देल्ला?"

"तुमीच."

बाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "देल्ला असंन. मारा म्हनून नाई देल्ला. सासूबाईची तीन लेकरं गेली, मंग त्यायनं यायले जलमल्याबरोबर उकंड्यावर लोळवलं, तवा हे वाचले. यमाले फसवून आनलेला मानूस हाये तो. त्याचं सोंग करून गोळ्या घालता?"

 दोघा-तिघांनी माना खाली घातल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सचिव कोण आहेत? त्यांनी मारावं. शेवटची संधी."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं, मग बुजगावण्याकडे, मग पुन्हा गुरुजींकडे.

"घ्या," हिंमतरावांनी पिस्तूल त्यांच्या हातात ठेवलं. "सोतानं सोताले मारलं तं बाकीच्यायले पाप नाई."

त्याला आत्महत्या म्हणतात, असं गुरुजींच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांना कपाटातला वरचा कप्पा आठवला. त्यांनी डोळे मिटले आणि दोनदा चाप ओढला.

पहिली गोळी पेनाच्या खिशातून आरपार गेली. दुसरी तिच्या बोटभर खाली. मडकं एका बाजूला कललं. सरस्वतीबाईंनी हंबरडा फोडला. अर्जुनरावनं टोपी काढली. मागं कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "आता उचलाचं काय?"

साहेब मात्र उभे राहिले होते. "डोळे मिटून! अहो, असला नेमबाज तुम्ही पत्र लिहायला बसवलात?" त्यांनी जागच्या जागी मंजुरीवर सही केली. वर पुढच्या महिन्यापासून चार पिस्तुलं आणि काडतुसांची पेटी देण्याचं कबूल केलं. "फक्त शस्त्रं कुलपाच्या मजबूत कपाटात हवीत. कपाट आहे ना?"

"हाये की साहेब, सागवानी!" हिंमतराव उत्साहानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीनशे चाळीस पुस्तकं पोत्यांत भरून गुरुजींच्या पडवीत आली. सरस्वतीबाईंनी त्यावर गोणपाट टाकलं आणि वरून कांदे पसरले.

"वाईट वाटून घेऊ नका गुरुजी," शेषराव म्हणाला. "साहेबाचा हुकूम हाये, हत्याराच्या खोलीत बाहेरच्या मानसानं पाय ठेवाचा नाई. बाकंबी काढली. पन तुमाले मुभा हाये बरं का. तुमी तं पयल्या नंबरचे नेमबाज."

ते खरं होतं. गावातल्या साऱ्या वाचकांमध्ये त्या खोलीत जाऊन हवं तेवढं बसण्याची परवानगी आता एकट्या गुरुजींनाच होती. तिथं वाचायला काही नव्हतं.