गेनू अस्वलाचा किंचाळणारा बाजा

एका जंगलात झाडं थोडी आणि सल्लागार फार, अशी अवस्था होती. तिथं गेनू नावाचं एक अस्वल राहायचं. बाळांनो, चुळबुळ नको. नाकं पुसा आणि ऐका.

गेनूपाशी तोंडाचा बाजा होता. तुम्ही शहाणे त्याला माउथ ऑर्गन म्हणता. सरळ फुंकला की गोड वाजायचा. पण गेनूला सूर वाकवायची हौस. श्वास आत ओढता ओढता सूर हळूच खाली लववायचा, अशी ती कला. गेनू ओढायला लागला, की आतली पितळी पत्ती किंचाळायची. कशी? शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी.

एकदा ती किंचाळी सिंहमहाराजांच्या कानी गेली. महाराज खूश! "हा तर आमच्याच घराण्यातला सूर! दसऱ्याच्या दरबारात आम्ही डरकाळी देऊ, यानं तोच सूर बाजावर परत द्यायचा. जमलं तर नदीकाठचं मधाचं झाड याचं."

आता आतली गोष्ट. महाराज म्हातारे झाले होते. डरकाळी सुरू व्हायची ढगासारखी, पण वळणावर आली की किंचाळायची. सगळं जंगल ऐकायचं आणि "काय दरारा!" म्हणायचं. गेनूनंही ऐकलं होतं. पण त्याच्या कानापासून अकलेपर्यंतची वाट फार केसाळ होती.

घरात खाणारी पिल्लं, हिवाळा तोंडावर. झाड मिळायलाच हवं. भर दरबारात बाजा किंचाळला तर झाड गेलं, अशा धास्तीनं गेनू कोल्ह्याकडं गेला. कोल्हा सूरदुरुस्तीची शिबिरं घ्यायचा. स्वतः जन्मात काही वाजवलं नव्हतं, त्यामुळं सल्ला द्यायला तोंड मोकळं.

"वाजवताना तोंड कुणीकडं करतोस?"

"बाजाकडं."

"तिथंच चुकतोस! ईशान्येला कर. आणि जोर लाव, जोर! वाकत नाही म्हणजे काय? सुराचा बाप वाकेल!"

गेनूनं ईशान्येला तोंड करून जोर लावला. पत्ती ईशान्येला किंचाळली. मग कोल्हा म्हणाला, "पत्तीच्या मुळाशी मेणाचा ठिपका लाव." हा सल्ला चुकून बरा होता. पण मेण पोळ्यातलं आणि वाजवणारं अस्वल! दोन सुरांत चाटून साफ.

शेवटी गेनू घरी येऊन दारात सूर ओढत बसला, तशी त्याची बायको चंद्राक्का गुहेबाहेर आली. "अहो, पिल्लं आत्ता कुठं निजलीत. पुन्हा ती मांजर ओरडली, तर बाजा गिळायला लावीन!"

गेनूची पाचावर धारण बसली. जबडा सैल पडला, जीभ खाली गेली, श्वास उरला एवढासा. तेवढ्याच श्वासानं त्यानं सूर ओढला. आणि सूर वाकला! मतं मागायला आलेला उमेदवार वाकतो तसा, थेट पायापर्यंत.

"अगं बाई! हे तुम्ही वाजवलंत?"

"मी कुठला? तुझ्या धाकानं वाजवलं."

दसरा उजाडला. महाराजांनी आयाळ झटकली. डरकाळी गडगडली, वळणावर आली आणि किंचाळली.

"काय दरारा!" दरबार ओरडला.

गेनूनं डोळे मिटले. तोच सूर उचलला. तेच वळण आलं. सैल जबडा, हलका श्वास. सूर असा लवला, की हरणं तोंडातला घास चावायची विसरली.

मागून साळिंदर पुटपुटलं, "अस्सं! त्या वळणावर खरं असं असतं होय!"

सगळ्या माना महाराजांकडं वळल्या. तेवढं पुरलं.

"याचा बाजा बिघडलाय," महाराज गुरगुरले. "आमच्या सुरातली ती धार कुठं गेली?"

"आत्ता दुरुस्त करतो, महाराज!" कोल्ह्यानं बाजा हिसकावला आणि जीव खाऊन ओढला. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती किंचाळी. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. "घराणं! याला म्हणतात घराणं!"

मधाचं झाड कोल्ह्याला मिळालं. त्याला झाडावर चढता येत नाही. म्हणून तो खाली बसून शिबिर घेतो, 'मध कसा काढावा'. गेनू पिल्लांसकट पहिल्या रांगेत असतो. पिल्लं वर बघतात, गेनू खाली.

तात्पर्य: पत्ती किंचाळली तर जबडा सैल सोडावा, श्वास हलका घ्यावा, हे अगदी खरं. पण त्याआधी राजाचा गळा तपासावा. तो फाटका निघाला, तर बाळांनो, खुशाल किंचाळा.